डायफ्राम : श्वासापासून स्लॅबपर्यंत

कोंबडीला डायफ्राम नसतो. तिची छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूची भिंतच नाही. बोकडाला ती असते, उंदराला असते, देवमाशाला असते आणि आपल्यालाही असते. छातीपासून पोट पुरते वेगळे करणारा स्नायूचा पडदा ही सस्तन प्राण्यांची खास मिळकत आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला श्वासपटल म्हणतात, दोन-चार ओळींत त्याचे काम सांगतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात.

शाळेबाहेर मात्र डायफ्राम जागोजागी भेटतो. गॅरेजमधला मिस्त्री म्हणतो, ‘डायफ्राम फाटलाय, बदलावा लागेल.’ इमारतीचा हिशोब करणारा इंजिनिअर स्लॅबला डायफ्राम म्हणतो. मेट्रोचे भूमिगत स्थानक खोदताना आधी डायफ्राम वॉल उभारतात. डॉक्टरच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपला डायफ्राम असतो, कॅमेऱ्याच्या भिंगाला असतो आणि स्वयंपाकघरातल्या गॅसच्या रेग्युलेटरमध्येही असतो.

इतक्या वेगळ्या वस्तूंना एकच नाव मिळाले, कारण त्यांची ठेवण एक आहे. दोन बाजूंच्या मध्ये एक पटल असते आणि त्या पटलाच्या कडा कशाला तरी बांधलेल्या असतात. पटल काय अडवते आणि काय पलीकडे पोचवते यावर त्याचे काम ठरते. ते काम नीट होईल की नाही, हे मात्र बहुतेक वेळा त्याच्या कडांवर ठरते. माणसाच्या शरीरातही हेच, भूकंपात पडलेल्या किल्लारीच्या घरातही हेच.

छातीचा तळ, पोटाचे छत

आपले श्वासपटल घुमटाकार असते. पुढे ते छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाला, बाजूंनी खालच्या सहा बरगड्यांना आणि मागे कंबरेच्या मणक्यांना जोडलेले असते. चहूबाजूंनी आलेले स्नायूचे तंतू मध्यभागी एका चिवट, पांढऱ्या कंडरेत मिळतात. उजवा घुमट डाव्यापेक्षा थोडा वर असतो, कारण त्याच्या खाली यकृत आहे. हृदयाचे आवरण वरून या कंडरेला चिकटलेले असते. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर हृदयही थोडे खाली-वर होते.

स्नायू आकुंचन पावला की घुमट खाली उतरतो. छातीतली जागा वाढते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. शांत बसलेल्या माणसात ही हालचाल दीड-दोन सेंटिमीटरच असते. खोल श्वासात ती सात ते दहा सेंटिमीटरपर्यंत जाते. शांतपणे श्वास सोडताना स्नायूला काहीच करावे लागत नाही. तो सैल पडतो, फुगलेली फुप्फुसे आपल्या लवचिकपणामुळे आकसतात आणि हवा बाहेर जाते. हठयोगाच्या ग्रंथांत दिवसरात्रीच्या श्वासांची संख्या २१,६०० दिलेली आहे. मिनिटाला १५ श्वास धरून गुणाकार केला तर हाच आकडा येतो, आणि आजच्या वैद्यकाच्या दृष्टीनेही १५ हा निरोगी प्रौढ माणसाचा अगदी साधारण वेग आहे.

‘पोटातून श्वास घ्या’ असे गाण्याचे आणि योगाचे गुरू सांगतात. हवा पोटात कधीच जात नाही. घुमट खाली येताना पोटातले अवयव दाबले जातात आणि पोटाची भिंत पुढे येते, ती आपल्याला दिसते. कपालभातीत उलटे घडते. पोटाचे स्नायू झटक्याने आवळले जातात आणि पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात. शिंकणे, खोकणे, ओकारी, जड वजन उचलणे, बाळंतपणातल्या कळा या सगळ्यांत हा पडदा आणि पोटाचे स्नायू मिळून दाब तयार करतात.

पडदा असला तरी त्याला तीन मोठ्या वाटा आहेत. खालच्या शरीरातले रक्त हृदयाकडे नेणारी महाशीर आठव्या वक्षीय मणक्याच्या पातळीवर, अन्ननलिका दहाव्या आणि महाधमनी बाराव्या मणक्याच्या पातळीवर त्यातून जाते. अन्ननलिकेची वाट सैल पडली तर जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. यालाच हायटस हर्निया म्हणतात आणि छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणे ही त्याची नेहमीची तक्रार असते. काही बाळांत हा पडदा गर्भातच पुरता जुळत नाही. साधारण अडीच-तीन हजार जन्मांत एक बाळ असे असते. बहुधा डाव्या बाजूच्या भोकातून आतडी छातीत शिरतात आणि फुप्फुसाला वाढायला जागाच उरत नाही.

पोटाच्या सीमेवरचा स्नायू, पण त्याची नस येते मानेतून, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या ग्रीवा मज्जातंतूंपासून. गर्भात हा पडदा मानेजवळ घडू लागतो आणि शरीर वाढताना खाली सरकतो. नस त्याच्याबरोबर लांबत जाते. या प्रवासाचे परिणाम जन्मभर राहतात. दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया झाल्यावर अनेकांचा खांदा दुखतो. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल चिडते, आणि त्याची व खांद्याच्या त्वचेची संवेदना मानेतल्या एकाच पातळीवर पोचत असल्याने मेंदूला दुखणे खांद्याचे वाटते. मानेच्या वरच्या भागात मज्जारज्जू तुटला तर हातपाय जातातच, शिवाय श्वासही थांबतो. तोच घाव थोडा खाली झाला तर माणूस स्वतःच्या श्वासावर जगतो.

उचकी हा याच स्नायूचा अचानक झटका. हवा वेगाने आत ओढली जाते, क्षणार्धात घशातली फट मिटते आणि तो ओळखीचा आवाज येतो. कोणीतरी आठवण काढत असल्याची आपली समजूत अमेरिकेतल्या चार्ल्स ऑसबर्न यांना लावली तर त्यांची आठवण ६८ वर्षे कोणीतरी अखंड काढत होते असे म्हणावे लागेल. त्यांची उचकी १९२२ मध्ये सुरू झाली ती १९९० मध्ये थांबली.

श्वासपटल बंद पडले तर काय करायचे, या प्रश्नातून आधुनिक अतिदक्षता विभाग जन्माला आला. पोलिओत श्वासाचे स्नायू लुळे पडत. फिलिप ड्रिंकर आणि लुई अगासी शॉ यांनी तयार केलेले लोखंडी फुप्फुस १९२८ मध्ये बॉस्टनमध्ये पहिल्यांदा रुग्णासाठी वापरले गेले. रुग्णाचे डोके बाहेर ठेवून बाकी शरीर एका बंद नळकांड्यात घालायचे आणि आतला दाब कमी-जास्त करायचा, म्हणजे छाती फुगते आणि बसते. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ इतकी मोठी आली की ही यंत्रे पुरेनात. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हवा देण्याचा मार्ग काढला. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, हातांनी त्या पिशव्या दाबल्या. एरवी एक स्नायू कोणाच्या लक्षात न येता जे काम करतो, त्यासाठी इतके हात लागले.

आता कडांचे पाहू. वर्षानुवर्षे धूम्रपान केलेल्या किंवा चुलीच्या धुरात राहिलेल्या माणसाची फुप्फुसे सैल पडून फुगलेली राहतात. खालचा घुमट त्यांच्या भाराने सपाट होतो. स्नायू शाबूत असतो, नस शाबूत असते, पण सपाट झालेल्या पडद्याला खाली उतरायला वावच राहत नाही. मग तो आकुंचन पावला की खालच्या बरगड्या बाहेर सरकण्याऐवजी आत ओढल्या जातात. असा रुग्ण दम लागलेला असताना उघड्या अंगाने बसला असेल तर हे डोळ्यांनी दिसते.

कडेवर ठरणारे स्वातंत्र्य

वैद्यकात डायफ्राम या नावाचे दुसरे साधन आहे आणि त्याने समाजकारणही हलवले. गर्भाशयाचे मुख झाकणारी ही रबरी टोपी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन डॉक्टर मेन्सिंगा यांनी प्रचारात आणली. नेदरलँड्सच्या पहिल्या महिला डॉक्टर आलेटा याकोब्स यांनी १८८०च्या दशकात ॲमस्टरडॅममध्ये ती गरीब स्त्रियांना द्यायला सुरुवात केली. तिच्या कडेत स्प्रिंग असते आणि माप अचूक असावे लागते. म्हणून प्रशिक्षित डॉक्टरने किंवा परिचारिकेने तपासून माप ठरवणे गरजेचे असते. माप चुकले तर टोपी असूनही उपयोग नाही.

अमेरिकेत अशा टोप्यांचे जपानहून आलेले एक पार्सल कस्टमने अडवले. त्यावरून झालेल्या खटल्यात १९३६ मध्ये न्यायालयाने डॉक्टरांना अशी साधने मागवण्याची मोकळीक दिली. या लढ्यामागच्या मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या होत्या. गांधीजींनी कृत्रिम साधनांना मान्यता दिली नाही, त्यांचा भर संयमावर होता. त्याआधीच, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते आणि १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयावर उघडपणे लिहीत होते. त्यासाठी नोकरी, खटले, बहिष्कार असे सगळे त्यांनी सोसले. आज गोळ्या आणि तांबी यांच्यापुढे ही टोपी मागे पडली आहे. पण स्त्रीच्या हातात राहणारे, तिने स्वतः ठरवून वापरायचे गर्भनिरोधन हा विचार रुजवण्यात तिचा वाटा मोठा आहे.

ऐकणारे पटल

फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीचा आवाज ऐकला, तेव्हा स्टेथोस्कोपला पडदा नव्हता. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. १९२६ मध्ये हॉवर्ड स्प्रेग यांनी एका बाजूला पडदा आणि दुसऱ्या बाजूला उघडी वाटी अशी दुहेरी रचना केली आणि आजही बहुतेक डॉक्टर तीच वापरतात. ताणलेला पडदा खालच्या पट्टीचे आवाज गाळतो आणि वरच्या पट्टीचे स्पष्ट पोचवतो. श्वासाचा आवाज आणि हृदयाचे नेहमीचे ठोके त्याने ऐकतात. हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाल्यावर येणारी खोल घरघर वाटीने, तीही हलकेच टेकवून ऐकतात. वाटी जोरात दाबली तर तिच्याखालची त्वचाच ताणून पडदा बनते आणि खालचे सूर हरवतात.

हवेतला कंप पकडायचा आणि त्याचे दुसऱ्या कशात तरी रूपांतर करायचे, हे पटलाचे काम १८७०च्या दशकात जग बदलून गेले. ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोन १८७६चा, एडिसन यांचा फोनोग्राफ १८७७चा. दोन्हींचा गाभा बोलण्याने थरथरणारा पातळ पडदा हाच होता. एकात त्या थरथरीतून विजेचा प्रवाह बदलत होता, दुसऱ्यात सुई कथिलाच्या पत्र्यावर खाचा पाडत होती. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली तेव्हा मायक्रोफोन वापरात नव्हता. गायिकेने कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून जोरात गायचे, कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरायचा आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. जुन्या ध्वनिमुद्रिकांतला तो उंच, ताणलेला आवाज गायकांच्या शैलीइतकाच त्या पडद्याच्या मर्यादेचाही आहे. घरोघरच्या ग्रामोफोनच्या साउंडबॉक्समध्ये पुढे अभ्रकाचा पडदा असे. आजच्या मोबाइलमध्येही बोलणे टिपणारा मायक्रोफोन आणि ऐकवणारा स्पीकर, दोन्हींत थरथरतो तो डायफ्रामच.

स्वयंपाकघरातला पहारेकरी

गॅसच्या सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पट असतो आणि ऊन-थंडीप्रमाणे तो बदलतो. शेगडीला मात्र सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे अगदी नाममात्र आणि स्थिर दाब लागतो. हे जमवतो तो रेग्युलेटरच्या चपट्या, गोल पोटातला रबरी डायफ्राम. त्याच्या खाली गॅस, वर स्प्रिंग. शेगडी पेटवली की खालचा दाब उतरतो, स्प्रिंग पडद्याला खाली ढकलते आणि त्याला जोडलेली तरफ गॅसची वाट उघडते. दाब वाढला की पडदा वर उचलला जातो आणि वाट अरुंद होते. वीज नाही, यंत्रमानव नाही. एक रबर आणि एक स्प्रिंग दिवसभर हा हिशोब सांभाळतात. पडद्याच्या वरच्या बाजूला हवेसाठी एक बारीक छिद्र असते. ते चिकटपट्टीने किंवा साबणाच्या गाळाने बुजू देऊ नये आणि तिथून गॅसचा वास आला तर पडदा फाटला असे समजून रेग्युलेटर बदलून घ्यावा.

पंपात हाच पडदा उलट कामाला लागतो. तो पुढे-मागे हलवला की द्रव ओढला आणि ढकलला जातो, आणि यंत्राचे तेलकट भाग द्रवापासून कायम वेगळे राहतात. म्हणून आम्ल, रंग, औषधे, गाळ असे नाजूक किंवा त्रासदायक द्रव हलवायला डायफ्राम पंप वापरतात. घरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचा छोटा पंपही त्याच जातीचा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत आणायचे काम इंजिनावर बसवलेला डायफ्रामचा पंप करी. त्याचा पडदा फाटला की गाडी घाटात बसे. ट्रक आणि एसटीच्या ब्रेकमध्ये हवेचा दाब एका रबरी डायफ्रामवर पडतो, तो दांडा ढकलतो आणि चाक थांबते.

कॅमेऱ्याचा डायफ्राम या कुटुंबातला थोडा वेगळा सदस्य आहे. तो हलतो, पण काही ढकलत नाही. पातळ पात्यांचे हे वर्तुळ मधले भोक लहान-मोठे करून प्रकाश मोजून आत सोडते. कॅमेऱ्यावरचा एफ-आकडा २.८ वरून ४ वर नेलात की भोक लहान होते आणि आत येणारा प्रकाश निम्मा होतो.

न हलण्यातले सामर्थ्य

इमारतीचा इंजिनिअर डायफ्राम म्हणतो तेव्हा त्याला न वाकणारी, ताठ गोष्ट हवी असते. भूकंपात जमीन आडवी हलते आणि इमारतीचे वजन जिथे असते तिथे, म्हणजे मुख्यतः मजल्या-मजल्यावर, आडवा जोर तयार होतो. हा जोर गोळा करून भिंतींना आणि खांबांना वाटून देणे हे स्लॅबचे काम. झाकण नसलेले पुठ्ठ्याचे खोके हातांत धरून पिळून पाहा, ते लगेच तिरके होते. चारही बाजूंनी झाकण चिकटवा, मग ते पिळता येत नाही. झाकण नुसते वर ठेवले तर मात्र काही फरक पडत नाही.

हा शेवटचा मुद्दा महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे फार मोठी किंमत देऊन शिकला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे ८ हजार माणसे गेली. तिथली जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची होती. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देणारी ही रचना त्या हवेला योग्य होती; गळती थांबवण्यासाठी वर्षागणिक तिच्यावर मातीचा थर चढत जाई. छताचे वजन वाढत होते, पण ते भिंतींना बांधलेले नव्हते. तुळया नुसत्या टेकलेल्या होत्या आणि फळ्या-माती एकसंध पटलासारख्या वागू शकत नव्हत्या. भिंतींचेही आतले आणि बाहेरचे असे दोन पदर, त्यांना शिवणारे आरपार दगड क्वचित. हादरा बसला तेव्हा प्रत्येक भिंत एकटी पडली, कोपरे उघडले आणि छत खाली आले.

पुनर्वसनाच्या वेळी तंत्रज्ञांनी भर दिला तो दारे-खिडक्यांच्या वर आणि छताच्या पातळीवर सगळ्या भिंतींमधून सलग फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यांवर, कोपऱ्यांतल्या सळ्यांवर आणि आरपार दगडांवर. हे पट्टे म्हणजे डायफ्रामची कड. छत हलके असो की जड, कड सलग असेल तर भिंती एकमेकींना धरून राहतात.

उड्डाणपुलाखालून जाताना वर पाहिले तर लांब तुळयांच्या मध्ये आडव्या भिंती दिसतात. त्यांनाही डायफ्रामच म्हणतात. एका तुळईवर अवजड ट्रक आला तर त्या भिंती भार शेजारच्या तुळयांना वाटतात आणि तुळया कलंडू देत नाहीत.

जमिनीखालची डायफ्राम वॉल इटलीत विकसित झाली आणि १९५०च्या दशकात मिलानच्या मेट्रोने तिला नाव मिळवून दिले. आधी खड्डा आणि मग भिंत हा क्रम तिने उलटा केला. अरुंद, खोल चर खोदत जायचा आणि तो लगेच बेंटोनाइट या चिकणमातीच्या पातळ राबडीने भरत जायचा. तिच्या दाबाने चराच्या कडा ढासळत नाहीत. मग सळ्यांचा पिंजरा सोडायचा आणि तळापर्यंत गेलेल्या नळीतून काँक्रीट ओतायचे. काँक्रीट वर येते तशी राबडी बाहेर पडते. भिंत पक्की झाली की आतली माती काढायची. शेजारच्या इमारतीला धक्का न लावता गजबजलेल्या शहरात खोल जाता येते ते यामुळे.

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायाभोवती १९६०च्या दशकात अशीच भिंत बांधून हडसन नदीचे पाणी बाहेर रोखले होते. २००१ मध्ये मनोरे कोसळले, तळघरांचे स्लॅब गेले आणि त्या स्लॅबांचा आधार घेऊन उभी असलेली भिंत काही ठिकाणी आत सरकू लागली. नवे ताण देऊन, तिला पुन्हा जमिनीत बांधून ती वाचवली गेली. आंध्रात गोदावरीवर पोलावरम धरणासाठी नदीच्या वाळूत अशी भिंत बांधली होती, धरणाखालून पाणी झिरपू नये म्हणून. पुरांनी तिची हानी केली आणि २०२५ मध्ये नव्या भिंतीचे काम सुरू करावे लागले.

या सगळ्या उदाहरणांत पटलाचे साहित्य बदलते. कुठे स्नायू, कुठे रबर, अभ्रक, काँक्रीट. बिघाडाच्या तऱ्हा मात्र मोजक्या राहतात. एक तर पटलाला भोक पडते, नाहीतर त्याला हलवणारी शक्ती जाते, नाहीतर त्याच्या कडा सुटतात. पहिले दोन बिघाड लवकर कळतात. गॅसचा वास येतो, श्वास थांबतो. तिसरा वर्षानुवर्षे लपून राहतो आणि संकटाच्या दिवशीच उघडा पडतो.

म्हणून गावाकडे घर बांधणाऱ्यांना एकच सांगणे. स्लॅबची जाडी आणि सिमेंटच्या गोण्या यांची चौकशी आपण करतोच. मिस्त्रीला आणखी एक प्रश्न विचारा, छत भिंतींना कुठे आणि कशाने बांधले आहे? सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा पट्टा आणि कोपऱ्यातल्या सळ्या त्याने दाखवल्या नाहीत, तर काम पुढे जाऊ देऊ नका. घराच्या एकूण खर्चात या पट्ट्याचा वाटा लहान असतो, आणि भूकंपात घर उभे राहते की नाही हे मुख्यतः त्याच्यावरच ठरते.